चीर न देता फुटणारा मुतखडा

मूत्रपिंडातला खडा काढायचा तर कमरेच्या बाजूला वीतभर चीर घ्यायची, प्रसंगी बरगडीचा तुकडा काढून वाट करायची, मूत्रपिंड उघडायचे आणि खडा उचलायचा, ही विसाव्या शतकाच्या सत्तरीपर्यंत जगभरातली रूढ रीत होती. मूत्राशयातल्या खड्याची गोष्ट वेगळी होती. तो खालच्या बाजूने बोटाला लागू शकतो, त्यामुळे त्याच्या शस्त्रक्रियेचे सविस्तर वर्णन सुश्रुतसंहितेतही सापडते. मूत्रपिंड मात्र पाठीच्या जाड स्नायूंआड आणि शेवटच्या बरगड्यांखाली दडलेले असल्यामुळे तिथला खडा शल्यचिकित्सकाच्या हाताला फार उशिरा आला. ७ फेब्रुवारी १९८० रोजी जर्मनीतील म्यूनिक येथे एका रुग्णाला पाण्याने भरलेल्या टबात निजवून, त्याच्या शरीरावर एकही चीर न घेता मूत्रपिंडातला खडा बाहेरून फोडण्यात आला आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत मुतखड्याच्या उपचाराचे रूप पार बदलून गेले.

या पद्धतीचे पूर्ण नाव एक्स्ट्राकॉर्पोरियल शॉक वेव्ह लिथोट्रिप्सी, म्हणजे शरीराबाहेर निर्माण केलेल्या आघाततरंगांनी खड्याचा चुरा करणे. डॉक्टर तिला ईएसडब्ल्यूएल किंवा नुसते लिथोट्रिप्सी म्हणतात, तर रुग्णांच्या बोलण्यात ‘शॉक देऊन खडा फोडला’ असा उल्लेख येतो, आणि या ‘शॉक’मुळे विजेच्या झटक्याची भीतीही उगाच मनात बसते. या उपचारात रुग्णाच्या अंगातून वीज जात नाही आणि खडा फोडण्यासाठी किरणेही सोडली जात नाहीत. शरीरात शिरतो तो दाबाचा एक अत्यंत तीव्र आणि अत्यंत क्षणिक तरंग. अनेक जण याच उपचाराला ‘लेझर’ म्हणतात, पण लेझरने खडा फोडण्यासाठी दुर्बीण शरीरात घालावी लागते, त्यामुळे ती पद्धत सर्वस्वी वेगळी आहे. आणखी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट झालेली बरी, कारण या उपचाराचे बहुतेक यशापयश तिच्यावर अवलंबून आहे: हे यंत्र खडा फोडते, काढत नाही. फुटलेले तुकडे लघवीवाटे बाहेर टाकण्याचे काम रुग्णाच्या शरीरालाच करावे लागते.

या यंत्राचा उगम वैद्यकात नसून विमानविद्येत आहे. बोडनझे सरोवराच्या काठी फ्रीडरिश्सहाफेन येथे डॉर्निए ही विमाने बनवणारी जुनी कंपनी होती आणि ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जाणाऱ्या विमानाच्या पृष्ठभागावर पावसाचे थेंब आदळले की तिथे बारीक खड्डे का पडतात, याचा शोध तिचे भौतिकशास्त्रज्ञ १९६०च्या दशकात घेत होते. अशा आघाताने धातूच्या आत दाबाचे तरंग उत्पन्न होतात आणि ते आघाताच्या जागेपासून दूरवरही नासधूस करू शकतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९६६मध्ये प्रयोग चालू असताना, वेगवान गोळी लक्ष्यावर आदळण्याच्या नेमक्या क्षणी एका अभियंत्याचा हात त्या लक्ष्याला लागला आणि त्याला विजेचा झटका बसल्यासारखे वाटले. मोजमाप करून पाहिले तेव्हा तिथे वीज आढळली नाही, म्हणजे जाणवला तो धातूतून हातात शिरलेला आघाततरंग होता. रणगाड्यावर बाहेरून गोळा आदळला असता आतल्या भिंतीला टेकून बसलेल्या सैनिकाचे काय होईल, हा प्रश्न त्यातून उभा राहिला आणि संरक्षण मंत्रालयाच्या पैशातून जिवंत ऊतींवर आघाततरंगांचा परिणाम तपासणारे संशोधन सुरू झाले. त्यात असे दिसले की हे तरंग स्नायू आणि चरबी यांतून फारशी हानी न करता पार होतात, फुप्फुसाला मात्र इजा करतात, आणि एखादी कठीण व ठिसूळ वस्तू वाटेत आली तर तिला तडे पाडतात. युद्धासाठी चाललेल्या चौकशीतून मुतखड्याचा इलाज निघाला तो या तिसऱ्या निरीक्षणामुळे.

मुतखड्याशी ही सांगड घालण्याचे काम १९७०च्या दशकात म्यूनिकच्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठात झाले. मूत्रविकार विभागाचे प्रमुख एगबर्ट श्मिट, त्यांचे सहकारी ख्रिश्चन शोसी आणि फर्डिनांड आयझेनबर्गर, शल्यसंशोधन संस्थेचे वॉल्टर ब्रेंडेल आणि डॉर्निएचे भौतिकशास्त्रज्ञ बर्न्ट फोर्समान ही या कामातली प्रमुख माणसे. (१९२९मध्ये स्वतःच्या दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवणारे आणि त्यासाठी १९५६चे नोबेल मिळवणारे वेर्नर फोर्समान हे या बर्न्ट यांचे वडील, शरीर न उघडता आत पोहोचण्याचा ध्यास त्या घरात दोन पिढ्या टिकला असे म्हणायला हरकत नाही.) माणसाचे मुतखडे कुत्र्यांच्या मूत्रपिंडात ठेवून ते बाहेरून फोडण्याचे प्रयोग झाले आणि खडा फुटतो हे लवकरच सिद्ध झाले. खरी अडचण नेम धरण्याची होती. सुरुवातीला सोनोग्राफीने खडा शोधण्याचा प्रयत्न झाला, पण त्या काळच्या यंत्रांना ते साधले नाही. शेवटी दोन वेगवेगळ्या कोनांतून क्ष-किरण सोडून खड्याची जागा निश्चित करण्याची रचना यंत्रातच बसवण्यात आली, तेव्हा कुठे माणसावर उपचार करण्याची वेळ आली. पहिल्या यंत्राचे नाव एचएम-१ असे होते. या उपचारांचा वृत्तान्त १९८०च्याच डिसेंबरात ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. सुधारलेले एचएम-३ हे यंत्र पुढे जगभर गेले, अमेरिकेत १९८४च्या आरंभी इंडियानापोलिसमध्ये त्यावर पहिले उपचार झाले आणि वर्षअखेरीस तिथल्या औषध प्रशासनाची मान्यताही त्याला मिळाली.

एचएम-३च्या रचनेतून या उपचाराचे तत्त्व सर्वांत सोपेपणाने कळते. कोमट पाण्याने भरलेला एक पोलादी टब, त्याच्या तळाशी आतून गुळगुळीत असलेली धातूची लंबवर्तुळाकार वाटी आणि त्या वाटीत, मोटारीच्या इंजिनातल्या स्पार्क प्लगसारखे, पाण्याखाली ठिणगी पाडणारे एक टोक, अशी ही मांडणी होती. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात आणि एका नाभीतून निघालेला तरंग लंबवर्तुळाच्या भिंतीवर कुठेही आदळला तरी परावर्तित होऊन दुसऱ्या नाभीतच येतो, हा शाळेच्या भूमितीतला गुणधर्म इथे कामी लावला आहे. पहिल्या नाभीत सुमारे वीस हजार व्होल्टची ठिणगी पडते, तिथल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन स्फोटासारखा तरंग चहूकडे पसरतो, वाटीच्या भिंतीवरून तो उलटतो आणि दुसऱ्या नाभीत एकवटतो; रुग्णाला टबात अशा बेताने ठेवलेले असते की ही दुसरी नाभी नेमकी खड्यावर यावी. त्वचेत शिरताना तरंग मोठ्या क्षेत्रावर पसरलेला असल्यामुळे तिथे त्याची तीव्रता कमी असते, आणि खड्यापाशी एकवटल्यावर वातावरणाच्या दाबाच्या काही शे पट दाब निर्माण होतो, तोही जेमतेम एका मायक्रोसेकंदापुरता, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापुरता.

पाण्याचा हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडेल. तरंग एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जातो तेव्हा त्याचा किती भाग पार होईल आणि किती परत फिरेल, हे दोन्ही माध्यमांच्या ध्वनिरोधावर, म्हणजे घनता आणि त्यातला ध्वनीचा वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. पाणी आणि शरीरातल्या मऊ ऊती यांचा ध्वनिरोध जवळपास सारखा असल्यामुळे पाण्यातला तरंग शरीरात जवळजवळ न अडखळता शिरतो. हवेचा ध्वनिरोध मात्र इतका वेगळा आहे की हवेचा पातळ थरही तरंगाला जवळपास पूर्ण परतवून लावतो. फुप्फुसाला इजा होण्याचे कारणही हेच, कारण तिथे ऊतीला लागूनच हवा असते आणि तरंगाची ऊर्जा त्या सीमेवर ओतली जाते. आजच्या यंत्रांत टब राहिलेला नाही, पाण्याने भरलेली एक रबरी उशी जेल लावून रुग्णाच्या पाठीला किंवा कुशीला टेकवली जाते, आणि या जेलमध्ये अडकलेले हवेचे बुडबुडे हा आजच्या लिथोट्रिप्सीचा छुपा शत्रू आहे. जेल कसा लावला, उशी किती दाबून बसवली, मध्येच रुग्ण हलल्यावर ती पुन्हा नीट टेकवली का, असल्या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर खडा फुटणे किंवा न फुटणे ठरू शकते.

खडा फुटतो तो एकाच कारणाने नव्हे. तरंग खड्याच्या पुढच्या पृष्ठभागावर आदळून आत शिरतो आणि मागच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतो. तिथे कठीण खडा संपून पुन्हा लघवीसारखा द्रव सुरू होत असल्यामुळे त्याचा काही भाग उलटा फिरतो आणि उलटताना दाबाचे रूपांतर ताणात होते. खडा हा दाब पुष्कळ सहन करतो पण ताण फारसा सहन करत नाही, आणि म्हणून त्याची मागची बाजू आतून तडकते. खड्याच्या आतला तरंग बाहेरच्या द्रवातल्या तरंगापेक्षा वेगाने पळत असतो, त्यामुळे बाहेरून मागाहून येणारा तरंग खड्याला भोवताली आवळतो आणि आडव्या तणावाने त्याच्या चिरफळ्या होतात. तिसरे कारण द्रवातच घडते. प्रत्येक आघातात दाबाच्या टोकामागोमाग ऋण दाबाची शेपटी येते, तिच्यामुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात आणि ते कोसळताना खड्याच्या दिशेने द्रवाची बारीक, जोरदार चिळकांडी मारतात; कॅव्हिटेशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या क्रियेने खड्याचा पृष्ठभाग खरवडला जातो आणि मोठ्या तुकड्यांची बारीक भुकटी होण्यास मदत होते. एका आघाताने हे सारे साधत नाही. एका बैठकीत साधारणपणे दोन ते तीन हजार आघात द्यावे लागतात आणि प्रत्येक आघातासरशी जुने तडे थोडे थोडे वाढत जातात.

हेच बुडबुडे नको त्या वेळी आडही येतात. पहिल्या आघाताचे बुडबुडे विरण्याआधीच दुसरा तरंग आला तर त्याची ऊर्जा वाटेतच खर्ची पडते. मूळ एचएम-३ यंत्रात हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होऊ नये म्हणून प्रत्येक आघात रुग्णाच्या ईसीजीशी जुळवून दिला जाई, त्यामुळे आघातांची गती आपोआपच नाडीच्या गतीइतकी राही. पुढच्या यंत्रांत ही जुळवणी प्रत्येक वेळी आवश्यक उरली नाही आणि वेळ वाचावा म्हणून मिनिटाला १२० आघात देण्याची सवय सर्वत्र पडली. टोरोंटोच्या डॉक्टरांनी २००५मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, मिनिटाला ६० आघात दिलेल्या रुग्णांत खडा फुटण्याचे प्रमाण १२० आघात दिलेल्या रुग्णांपेक्षा अधिक आढळले, आणि आता मंद गती हीच योग्य मानली जाते. उपचाराची सुरुवात कमी ऊर्जेने करून ती हळूहळू वाढवत नेण्याचा प्रघातही असाच अनुभवातून आला. इंडियाना विद्यापीठात डुकरांवर झालेल्या प्रयोगांत, आधी सौम्य आघात देऊन थोडे थांबले असता मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि नंतरच्या जोरदार आघातांनी होणारी इजा कमी राहते, असे दिसले होते.

यंत्रांच्या पुढच्या पिढ्यांचा इतिहास तंत्रज्ञानाच्या भक्तांना जरा ओशाळवाणे करणारा आहे. ठिणगीऐवजी विद्युतचुंबकाने धातूचा पातळ पडदा थरथरवून किंवा दाबविद्युत स्फटिकांना विजेचा धक्का देऊन तरंग निर्माण करणारी यंत्रे १९८०च्या दशकातच आली. टब गेला, पूर्ण भूल देण्याची गरज उरली नाही, यंत्र लहान झाले, आणि तरंग अधिक बारीक जागेत एकवटू लागला. बारीक जागेत अधिक दाब म्हणजे अधिक परिणाम, असा साधा हिशेब यामागे होता. पण श्वासाबरोबर मूत्रपिंड काही सेंटिमीटर वरखाली सरकते, खडाही त्याच्याबरोबर सरकतो, आणि केंद्र फारच चिंचोळे असले की कित्येक आघात खड्याला लागतच नाहीत. शिवाय खड्याला बाहेरून आवळणारा परिणाम साधायला केंद्र खड्याहून रुंद असावे लागते. त्यामुळे जुन्या, अवजड, टबवाल्या एचएम-३च्या तोडीचे निकाल पुढची अनेक यंत्रे देऊ शकली नाहीत, आणि मूत्रविकारतज्ज्ञांच्या वर्तुळात ते यंत्र दीर्घकाळ तुलनेचा मापदंड म्हणून राहिले. सोय आणि परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रुग्णालयांनी बहुधा सोय विकत घेतली.

कोणत्या खड्यासाठी ही पद्धत निवडावी, हा प्रश्न यंत्रापेक्षाही महत्त्वाचा आहे. त्यासाठी मूत्रमार्गाची रचना थोडी समजून घ्यावी लागते. मूत्रपिंडात लघवी प्रथम कॅलिक्स नावाच्या लहान पोकळ कप्प्यांत उतरते, तिथून मधल्या पसरट द्रोणीत येते आणि मग सुमारे पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांबीच्या मूत्रवाहिनीतून मूत्राशयात जाते. ही नळी तीन जागी अरुंद आहे: द्रोणीतून ती निघते तिथे, श्रोणीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना ओलांडते तिथे आणि मूत्राशयाच्या भिंतीत शिरते तिथे. खडा बहुधा याच जागी अडकतो, वरच्या बाजूला लघवी तुंबते आणि कमरेपासून जांघेकडे उतरणाऱ्या त्या असह्य कळा सुरू होतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बरेचदा आपोआप पडून जातात, त्यामुळे खडा दिसला की फोडलाच पाहिजे असे नाही. मूत्रपिंडातला दोन सेंटिमीटरपर्यंतचा खडा आणि मूत्रवाहिनीच्या वरच्या भागातला लहान खडा यांना आघाततरंगांचा उपचार योग्य ठरतो, एक सेंटिमीटरच्या आत असेल तर अधिकच. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्याचा चुरा इतका निघतो की तो त्या अरुंद नळीला झेपत नाही, आणि मग पाठीतून छोटे छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढणेच श्रेयस्कर होते.

आकाराइतकाच खड्याचा पोतही मोजावा लागतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा मोनोहायड्रेट हा प्रकार, ब्रुशाइट आणि जन्मजात दोषामुळे होणारा सिस्टिनचा खडा हे आघातांना दाद देत नाहीत. युरिक आम्लाचा खडा सहज फुटतो, मात्र तो साध्या क्ष-किरणांत दिसत नाही, आणि लघवीची आम्लता औषधाने कमी केली तर पुष्कळदा न फोडताच विरघळतो. खडा किती घट्ट आहे याचा अंदाज सीटी स्कॅनवरून बांधता येतो. त्यातल्या घनतेच्या मापाला हाउन्सफील्ड एकक म्हणतात आणि ते हजाराच्या वर गेले की यशाची शक्यता घटते. त्वचेपासून खडा दहा सेंटिमीटरपेक्षा खोल असेल, म्हणजे रुग्ण स्थूल असेल, तर तरंगाची शक्ती वाटेतच जिरते. आणि खडा मूत्रपिंडाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात असेल तर तो फुटतो खरा, पण तुकड्यांना बाहेर पडण्यासाठी आधी वर चढावे लागते. कप्प्याची मान लांब, अरुंद किंवा तीव्र कोनात वळलेली असली तर ते तिथेच बसून राहतात. या सगळ्यात लहान मुले मात्र सुखद अपवाद आहेत. त्यांची मूत्रवाहिनी आखूड आणि लवचीक असल्यामुळे मोठ्यांच्या मानाने ती तुकडे सहज बाहेर टाकते. फक्त मूल स्थिर राहावे म्हणून भूल द्यावी लागते आणि जवळच असलेल्या फुप्फुसाला तरंग लागू नये याची काळजी घ्यावी लागते.

गर्भवती स्त्रीला हा उपचार कधीही देत नाहीत. रक्त न गोठण्याचा विकार असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, लघवीत जंतुसंसर्ग असेल, मूत्रपिंडाजवळच्या रोहिणीला फुगवटा असेल किंवा खड्याच्या खाली मूत्रमार्ग कुठे बंद असेल, तर आधी त्या गोष्टीचा निकाल लावावा लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची माहिती रुग्ण अनेकदा देत नाही, कारण त्या हृदयाच्या डॉक्टरने दिलेल्या असतात आणि मुतखड्याशी त्यांचा संबंध त्याच्या मनात येत नाही. उलट काही जण त्या परस्पर बंद करून येतात, आणि हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाच्या बाबतीत हे खड्यापेक्षा कितीतरी घातक ठरू शकते.

प्रत्यक्ष उपचार तासाभरात आटोपतो. रुग्णाला वेदनाशामक आणि थोडी गुंगी देऊन टेबलावर निजवतात, सोनोग्राफीने किंवा क्ष-किरणांच्या सी-आर्म यंत्राने खडा केंद्रात आणतात आणि आघात सुरू होतात. खोलीत ठोक ठोक असा सतत आवाज येत राहतो आणि पाठीवर टिचक्या मारल्यासारखे वाटते. मध्ये मध्ये प्रतिमा पाहून नेम दुरुस्त करणे, खडा पसरू लागला का ते बघणे, हे तंत्रज्ञाचे आणि डॉक्टरचे कसब आहे. यंत्र सुरू करून खोलीबाहेर जाण्यासारखा हा उपचार नाही. वेदनेवर ताबा ठेवणे केवळ दयेपोटी नसते, कारण दुखत असलेला रुग्ण जोरजोराने श्वास घेतो, हलतो, आणि नेम चुकतो. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. एक-दोन दिवस लघवी लालसर होते आणि कुशीवर काळेनिळे वळ उठू शकतात. पुढच्या काही दिवसांत तुकडे पडू लागतात, कधी वाळूसारखे, कधी कळ आणत. त्या काळात भरपूर पाणी प्यावे, हिंडतेफिरते राहावे, आणि मूत्रवाहिनी सैल करणारी टॅम्सुलोसिनसारखी गोळी डॉक्टर देतात ती घ्यावी. लघवी गाळून तुकडे जमवण्याचा कंटाळा बहुतेक जण करतात, पण प्रयोगशाळेत त्या तुकड्यांची तपासणी झाली तर खडा कशाचा होता हे कळते आणि पुढचे पथ्य अंदाजाने सांगावे लागत नाही.

उपचारानंतरची सर्वांत त्रासदायक गुंतागुंत म्हणजे तुकड्यांची मूत्रवाहिनीत लागलेली रांग. एक जरा मोठा तुकडा खाली अडकतो आणि त्यामागे बारीक कण ओळीने साचत जातात. जर्मन भाषेतून आलेल्या श्टाइनश्ट्रासे या नावाने ती ओळखली जाते. पुष्कळदा ती औषधाने मोकळी होते, न झाल्यास दुर्बिणीने तो पुढचा तुकडा काढावा लागतो. मोठा खडा फोडण्यापूर्वी मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत डीजे स्टेंट नावाची दोन्ही टोकांना वळलेली मऊ नळी बसवण्याची पद्धत आहे, पण सरसकट प्रत्येकाला ती घातल्याने खडा साफ होण्याचे प्रमाण वाढत नाही, आणि नळीचा स्वतःचा जाच, वारंवार लघवी लागणे, जळजळ, हा वेगळाच. मूत्रपिंडाभोवती रक्त साकळणे ही गंभीर पण विरळ गुंतागुंत आहे. थंडी वाजून ताप येणे आणि कळा येऊन लघवी बंद होणे ही दोन लक्षणे मात्र घरी थांबण्यासारखी नाहीत, कारण तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर तो काही तासांत रक्तात पसरू शकतो. आघाततरंगांमुळे पुढे मधुमेह किंवा रक्तदाब जडतो का, ही शंका मेयो क्लिनिकच्या २००६मधल्या पाहणीने उपस्थित केली होती. नंतरच्या अनेक अभ्यासांत तिला पुष्टी मिळाली नाही.

१९८०च्या दशकात या पद्धतीने उघडी शस्त्रक्रिया जवळजवळ हद्दपार केली. पण नंतर तिचेच सिंहासन डळमळले. पाठीतून दुर्बीण घालून खडा काढण्याची रीत १९७६मध्ये स्वीडनमध्ये सुरू झाली होती, १९९०च्या दशकात होल्मियम लेझर आला, आणि मूत्रमार्गातूनच वर मूत्रपिंडापर्यंत वळत जाणारी बारीक लवचीक दुर्बीण सुधारत गेली. दुर्बिणीने एका बैठकीत खडा साफ होण्याची खात्री अधिक, तर लिथोट्रिप्सीत कधी दोन-तीन बैठका लागतात आणि तीन महिन्यांनंतरही काही कण उरू शकतात. चार मिलिमीटरपेक्षा लहान अशा उरलेल्या कणांना पूर्वी निरुपद्रवी समजत. आता हे स्पष्ट आहे की त्यांतले काही पुन्हा वाढतात आणि रुग्णाला परत दवाखान्यात आणतात. तरीही भूल नको असलेल्या, शरीरात उपकरण नको असलेल्या आणि योग्य आकाराचा, योग्य जागेचा, फार कठीण नसलेला खडा असलेल्या माणसासाठी इतका सौम्य उपचार दुसरा नाही. लिथोट्रिप्सीची बदनामी झाली असेल तर ती बरीचशी चुकीच्या खड्यावर ती वापरल्यामुळे झाली आहे.

महाराष्ट्राचा मोठा भाग भारताच्या मुतखड्याच्या पट्ट्यात मोडतो. उन्हात दिवसभर काम, घामाने निघून गेलेले पाणी, त्यामुळे दाट झालेली लघवी आणि आहारातले मीठ हे त्यामागचे साधे गणित आहे, आणि ज्याला एकदा खडा झाला त्याला पाच-दहा वर्षांत पुन्हा होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते, मग तो कोणत्याही पद्धतीने काढलेला असो. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिणे, मीठ कमी करणे आणि लिंबाचे सरबत बिनसाखरेचे घेणे याने जे साधते ते टोमॅटोच्या बिया वेचून काढण्याने साधत नाही. दूध-दही सोडण्याचा लोकप्रिय सल्ला तर उलटा फिरतो, कारण आहारातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. ते कमी पडले की मोकळे ऑक्झलेट लघवीत उतरते आणि खडा होण्याला हातभार लावते.

फुटलेला खडा बाहेर कसा काढायचा, या मूळ अडचणीवर सध्या अमेरिकेतील सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात काम चालू आहे. तिथे एकेका जबर आघाताऐवजी कमी दाबाच्या ध्वनितरंगांचे छोटे छोटे झोत सोडून खडा फोडण्याची पद्धत विकसित होत असून, २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मानवी चाचणीत दहा मिनिटांच्या आत बहुतेक खडे निदान अंशतः फुटले. त्याच गटाने ध्वनितरंगांनी खडा नुसता ढकलण्याचेही तंत्र तयार केले आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर खालच्या कप्प्यात बसलेला तुकडा दिसतो आणि बाहेरूनच लावलेल्या प्रोबने त्याला कप्प्याच्या तोंडाकडे सरकवता येते. अंतराळात हाडांतले कॅल्शियम झिजून लघवीत उतरत असल्यामुळे अंतराळवीरांना मुतखड्याचा धोका वाढतो, आणि तिथे दुर्बीण, भूल, शस्त्रक्रिया यांपैकी काहीच हाताशी नसते, म्हणून या संशोधनाला नासाचेही पाठबळ मिळाले आहे.